ठेवावे आणि बाजूला व्हावे

बाहेर ठेवलेल्या अन्नाला मांजराने तोंडही लावले नाही, की बहुतेक माणसे अन्न बदलतात. काल कोरडे दाणे ठेवले होते, तर आज ओले. आज कोंबडी नाकारली, तर उद्या मासा. आणि तेही चालले नाही, तर तीन-चार वाट्या शेजारी शेजारी मांडून ‘घे बाई, यातले काहीतरी घे’ अशी मनधरणी सुरू होते. कोणाच्याही मालकीची नसलेली मांजरे मी बरीच वर्षे खाऊ घालत आले आहे आणि या काळात माझे एक मत पक्के होत गेले आहे. बदलायचे असते ते बहुधा अन्न नसतेच. बदलायची असते ती जागा, वेळ, किंवा आपले तिथे उभे राहणे. बाहेरच्या मांजरापुढे अन्नाचा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. त्याआधी त्याला इतर अनेक गोष्टींची खात्री करून घ्यायची असते: येथून पळायला वाट कोणत्या बाजूने आहे, पाठीमागे कोण आहे, ही वस्तू काल येथे होती का, आणि ती ठेवणारा प्राणी निघून गेला की अजून आडून पाहतो आहे. या प्रश्नांची उत्तरे मनासारखी मिळाली नाहीत, तर कितीही भुकेले मांजर भरल्या ताटलीकडे पाठ फिरवू शकते, आणि आपण त्याला उगाच ‘नखरे’ म्हणतो.

बाहेरच्या मांजरांतही दोन अगदी वेगळे प्रकार असतात. काही मांजरे एके काळी कोणाच्या तरी घरात वाढलेली, नंतर हरवलेली किंवा सोडून दिलेली असतात. त्यांना माणूस माहीत असतो. फक्त त्याच्यावरचा विश्वास उडालेला असतो. दुसरी मांजरे बाहेरच जन्मलेली असतात आणि माणसाळण्याची संधी त्यांना कधी मिळालेलीच नसते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात केलेल्या कामातून असे दिसून आले, की साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान पिल्लाला माणसाचा हात लागला, तर ते माणसाला आपल्या जगातला मानते. हे दिवस निघून गेले, की पुढे कितीही प्रेमाने वागवले तरी पूर्ण माणसाळणे फार अवघड होते. त्यामुळे आपण ज्याला खाऊ घालू पाहतो आहोत ते मांजर यांपैकी कोणते, हे कळले की निम्मी निराशा टळते. भटकलेले पाळीव मांजर दिवसाउजेडी येते, शेपटी उभी करते, आपल्या तोंडाकडे पाहते आणि आवाज देते. प्रौढ मांजरे एकमेकांशी बोलताना ‘म्याँव’ क्वचितच करतात. तो आवाज बहुतांशी माणसासाठी राखून ठेवलेला असतो. रानटी वाढलेले मांजर मात्र तोंडातून अक्षर काढत नाही. ते पहाटे किंवा तिन्हीसांजेला, पोट जमिनीला लावून येते आणि आपल्या चेहऱ्याऐवजी आपल्या हातापायांच्या हालचालींवर नजर ठेवते. अर्थात हे निदान पहिल्या भेटीत करू नये. नुकतेच घर सुटलेले, घाबरलेले मांजर कित्येक आठवडे हुबेहूब रानटी मांजरासारखे वागू शकते, आणि मग एके दिवशी अचानक पायात येऊन घुटमळते.

जागेबद्दल मी जरा लांबवर लिहिणार आहे, कारण सर्वांत जास्त गफलत तिथे होते. आपल्याला सोयीची जागा म्हणजे दार, पायरी, ओटा, गाडीच्या शेजारची मोकळी फरशी. मांजराच्या दृष्टीने यांतली एकही जागा जेवण्याजोगी नसते. मोकळ्यावर अन्न ठेवले, तर चारी बाजूंनी धोका. आणि भिंतीच्या कोपऱ्यात ठेवले, तर पाठ सुरक्षित वाटली तरी सुटायला एकच वाट. मांजर शिकारी आहे हे आपण सतत ऐकतो, पण आपल्यापेक्षा मोठ्या प्राण्यांसाठी ते स्वतःच शिकार आहे, ही गोष्ट आपण विसरतो. त्याच्या अंगात हे दोन्ही प्राणी एकाच वेळी वावरत असतात, आणि जेवताना मान खाली गेली की त्यातला दुसरा जागा होतो. त्यामुळे एका बाजूला भिंत किंवा कुंपण, वरून झुडपाची किंवा छपराची थोडी सावली आणि पळायला किमान दोन वाटा, अशी जागा त्याला पटते. ही जागा आपण ठरवण्यापेक्षा त्याने आधीच ठरवलेली शोधणे सोपे असते. मांजरे मोकळ्यातून क्वचितच चालतात. भिंतीच्या कडेने, झाडांच्या ओळीखालून, उभ्या गाड्यांच्या तळातून त्यांच्या ठरलेल्या वाटा असतात. दोन-तीन संध्याकाळी खिडकीत दिवा न लावता बसले, की या वाटा दिसू लागतात. पहिली ताटली त्या वाटेवर ठेवावी, आणि ती रोज रिकामी होऊ लागली, की मग रोज वीतभर आपल्याला हव्या त्या दिशेने सरकवावी. घाई करून ती एकदम चार हात सरकवली, तर मांजर ताटलीपाशी येण्याऐवजी कालच्या रिकाम्या जागेचा वास घेऊन परत जाते. मी हे पाहिले आहे: समोर सहा पावलांवर अन्न, आणि मांजर मात्र जिथे काल अन्न होते तिथली जमीन हुंगते आहे.

भांड्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. उथळ आणि पसरट ताटली बरी. खोल वाटीत तोंड घातले, की दोन्ही बाजूंचे दिसेनासे होते आणि मिशा काठाला घासतात. हलके प्लास्टिक वाऱ्याने सरकते किंवा खाताना खरडल्याचा आवाज करते, आणि तेवढ्यानेही बुजरे मांजर उडी मारून लांब जाते. जड, सपाट बशी ठेवावी आणि ती बदलू नये.

कबऱ्या रंगाची एक मादी माझ्याकडे येत असे. तिचे खाणे मी इतक्या वेळा पाहिले आहे, की डोळे मिटले तरी तिच्या हालचालींचा क्रम सांगता येईल. आधी झुडपाच्या काठाशी नुसते तोंड दिसे. ते तसेच बराच वेळ राही. मग पुढचे दोन पाय बाहेर येत, पण मागचे पाय जिथल्या तिथे रोवलेले असत, आणि शरीर लांबत लांबत इतके ताणले जाई, की मान ताटलीपर्यंत पोचे आणि मागचा भाग मात्र अजून झुडपातच. एक कान पुढे आणि एक पूर्ण मागे वळलेला. पहिला तुकडा ती कधीच जागेवर खात नसे. तो दातांत धरून झुडपात नेई, तिथे खाई आणि मग परत तेच सगळे पहिल्यापासून. काही आठवड्यांनी तिने मागचे पायही बाहेर आणले. त्यानंतर ती उकिडवी बसून खाऊ लागली, आणि सर्वांत शेवटी, शेपटी अंगाभोवती गुंडाळून. शेपटी गुंडाळून बसलेल्या मांजराला झटकन पळता येत नाही. त्यामुळे ते तशा स्थितीत जेवू लागले, की जागा त्याने मान्य केली असे समजायला हरकत नाही. मांजर डोळे मिटून दूध पिते, अशी आपली म्हण आहे. ती रचणाऱ्याने घरात वाढलेलेच मांजर पाहिलेले असावे. बाहेरचे मांजर दर दोन घासांनी मान वर करून सगळा परिसर पुन्हा मोजून घेते.

आता प्रश्न उरतो तो आपला. अन्न ठेवून तिथेच उभे राहणे, मोबाइलवर फोटो काढण्यासाठी वाकणे, ‘ये ये’ म्हणत हात पुढे करणे, हे सगळे प्रेमापोटी होते आणि हेच सर्वांत जास्त आड येते. थेट, एकटक नजर ही मांजरांच्या भाषेत भांडणाची सुरुवात असते. म्हणून पाहायचेच असेल, तर बाजूला तोंड करून, खाली बसून, तिरक्या नजरेने पाहावे. डोळे हळूहळू मिटून पुन्हा हळूहळू उघडणे हा यावर एक चांगला उपाय आहे, आणि तो केवळ मांजरप्रेमींचा समज नाही. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अनोळखी माणसाने असे सावकाश डोळे मिचकावले असता, निर्विकार चेहऱ्याने पाहणाऱ्या माणसापेक्षा त्याच्याकडे मांजरे अधिक सहज येत असल्याचे आढळले. तो अभ्यास पाळीव मांजरांवरचा होता. रानटी मांजरावर त्याचा इतका परिणाम होईल अशी अपेक्षा ठेवू नये, पण रोखून पाहण्यापेक्षा ते निश्चितच बरे.

वेळेचे महत्त्व मला सर्वांत उशिरा पटले असेल, पण आता मी तिला अन्नाच्याही वर ठेवते. रोज एकाच वेळी, शक्यतो पहाटे किंवा सूर्य मावळताना, ताटली त्याच जागी आली पाहिजे. मांजरे स्वभावतःच या दोन संधिकाळांत अधिक हालचाल करतात, त्यामुळे आपण त्यांच्या वेळापत्रकात बसतो, त्यांना आपल्या वेळापत्रकात ओढत नाही. ठेवताना दर वेळी एकच आवाज करावा. मी चमचा ताटलीच्या काठावर दोनदा वाजवते. नावाने हाका मारण्यापेक्षा हे बरे, कारण आपला आवाज रोज बदलतो. घाईत तो वेगळा असतो, सर्दीत वेगळा आणि पावसात ओरडावे लागते तेव्हा तर फारच वेगळा. चमचा मात्र तोच असतो. आवाज, ताटली आणि आपली पाठ, या क्रमाची सवय झाली, की मांजर आपली पाठ वळण्याची वाट पाहू लागते. पुढे कधी तरी आपण चार पावलांवरच थांबावे, नंतर तीन. तिथेही मांजर खात राहिले तर ठीक. त्याने मान वर करून खाणे थांबवले, तर एक पाऊल मागे जावे. ते अंतर किती असावे याचा निर्णय त्याचा असतो.

हे सगळे जमल्यावर अन्नाकडे वळता येते, आणि तिथेही चवीआधी वास येतो. अगदी नाकासमोरची वस्तू मांजराला डोळ्यांनी नीट दिसत नाही. ते ती नाकाने आणि मिशांनी ओळखते. गोड चव तर त्याला कळतच नाही. त्यासाठी लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरांच्या कुळात निकामी झालेले आहे, हे २००५ साली सिद्ध झाले. कडू मात्र त्याला चांगलेच कळते, आणि म्हणूनच अन्नात औषधाची गोळी कुस्करून घातली, की केवळ तेवढे जेवणच नव्हे, तर पुढचे काही दिवस ती ताटलीही संशयित ठरते. फ्रिजमधून थेट काढलेल्या अन्नाला वास जवळजवळ नसतो, आणि मांजराचा आवडता नैसर्गिक घास, म्हणजे नुकतीच मारलेली शिकार, कधीच गार नसते. ओल्या अन्नात चमचाभर कोमट पाणी ढवळून ते साधारण अंगाच्या उष्णतेइतके, म्हणजे सदतीस-अडतीस अंश सेल्सिअसपर्यंत आणले, तर तेच कालचे नाकारलेले अन्न आज खाल्ले जाते. यात पाणीही पोटात जाते हा आणखी एक फायदा, कारण मांजरांना तहान कमी लागते आणि कोरड्या दाण्यांवर राहणाऱ्या मांजराला पाणी वेगळे प्यावे लागते. कोरड्या दाण्यांवर थोडे माशाचे तेल किंवा डब्यातल्या माशाचे बिनमिठाचे पाणी शिंपडले, तर तो वास वाऱ्यावर बराच लांब जातो. नव्या मांजराला प्रथम बोलावताना याचा उपयोग होतो. मात्र मासा हा बोलावण्यासाठी आहे, रोजच्या जेवणासाठी नाही. तेलकट मासा रोज आणि भरपूर दिला, तर शरीरातले ई जीवनसत्त्व कमी पडून चरबीला वेदनादायक सूज येते. आणि काही कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते, त्याचा परिणाम थेट मज्जासंस्थेवर होतो.

नव्या अन्नाबद्दलची नाराजी पुष्कळदा आईकडून आलेली असते. पोलंडमधून अमेरिकेत गेलेल्या शास्त्रज्ञ वांडा विर्विका यांनी १९७०च्या दशकात मांजरींना केळी आणि उकडून कुस्करलेले बटाटे खायला शिकवले. त्यांची दूध सुटण्याच्या वयाची पिल्लेही आईबरोबर तेच खाऊ लागली, आणि आई शेजारी नसतानाही खात राहिली. जे मांजर मांसाविना जगू शकत नाही, त्याच्या पिल्लाने आईच्या साक्षीने केळे अन्न म्हणून स्वीकारावे, यावरून आईच्या तोंडचा घास किती वजनदार असतो ते कळते. उलट्या बाजूने पाहिले, तर केवळ उंदीर आणि कचऱ्यातले तुकडे ओळखणाऱ्या आईचे पिल्लू कोरड्या दाण्यांकडे खडे पडल्यासारखे पाहील, यात नवल नाही. अशा वेळी ओळखीच्या अन्नात नवे अन्न चिमूटभर मिसळावे आणि ते प्रमाण हळूहळू वाढवावे. त्याहून सोपा मार्ग म्हणजे जे मांजर आधीच खाते, त्याला तिथेच खाऊ द्यावे. दुसरी मांजरे लांबून पाहत असतात आणि त्याच्यामागोमाग ताटलीपर्यंत येतात.

दुधाबद्दल थोडक्यात. आईचे दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांच्या आतड्यांत दुधातली साखर पचवणारे विकर कमी होत जाते. दूध ते आवडीने पितात, पण नंतर जुलाब होतात, आणि बाहेर राहणाऱ्या मांजराला जुलाब म्हणजे शरीरातले पाणी जाणे. स्वच्छ पाणी ठेवावे. कुत्र्याचे खाद्यही रोज चालत नाही, कारण टॉरिन नावाचे द्रव्य मांजराला अन्नातूनच आणि पुरेशा प्रमाणात मिळावे लागते. ते दीर्घकाळ कमी पडले, तर डोळ्यांचा पडदा झिजतो आणि हृदयाचे स्नायू कमजोर होतात. यातला हृदयाचा संबंध १९८७ साली लक्षात आला आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यातले टॉरिन वाढवले गेले. कांदा-लसूण घातलेले उरलेसुरले मांजराला देऊ नये, कारण त्याने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवलेली हाडे देऊ नयेत. यापलीकडे माझा फारसा आग्रह नसतो.

‘अर्धेच खाऊन गेले’ ही तक्रारही मी पुष्कळ ऐकते. मांजर हा थोडे थोडे आणि वारंवार खाणारा प्राणी आहे. एका उंदरातून साधारण तीस किलोकॅलरी मिळतात आणि चार किलो वजनाच्या मांजराला दिवसाला दोनशे ते अडीचशे लागतात. म्हणजे दिवसभरात सात-आठ उंदीर, सात-आठ वेगवेगळ्या वेळी. अर्धी ताटली सोडून जाणारे मांजर अन्न नाकारत नसते. त्याचा एक उंदीर पुरा झालेला असतो. खाल्ल्यावर काही मांजरे ताटलीभोवतीची जमीन पंजाने खरवडून उरलेले झाकल्याचा आव आणतात. त्याचाही अर्थ अनेकांनी ‘नापसंती’ असा लावलेला मी पाहिला आहे, पण ते उरलेले अन्न लपवण्याचे जुनेच वळण असावे. पोट भरलेले मांजर शिकार सोडून देते, असे मात्र कोणी समजू नये. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आवडीचे अन्न खात असलेल्या मांजरांसमोर जिवंत उंदीर सोडला, तर त्यांनी जेवण थांबवून उंदीर मारला आणि मग ती पुन्हा आपल्या ताटलीकडे वळली. म्हणून पक्ष्यांची घरटी किंवा पाणी पिण्याची जागा जिथे आहे, तिथून मांजरांची ताटली जितकी लांब ठेवता येईल तितकी ठेवावी, आणि पक्ष्यांसाठी दाणे व मांजरांसाठी अन्न एकाच अंगणात ठेवण्याचा मोह टाळावा.

ताटलीवर हक्क सांगणारे आणखी पुष्कळ असतात. मुंग्या सर्वांत आधी येतात. त्यांच्यासाठी मोठ्या परातीत बोटभर पाणी घालून तिच्या मधोमध ताटली ठेवली, की किल्ल्याच्या खंदकासारखी सोय होते. फक्त ताटलीचा काठ परातीला टेकता कामा नये, आणि पाणी रोज बदलावे, नाही तर त्यात डास होतात. कुत्र्यांसाठी उंची हा उपाय: कमरेइतक्या कठड्यावर मांजर उडी मारून सहज पोचते, कुत्रा पोचत नाही. कावळ्यांवर माझ्याकडे उपाय नाही. ते माझ्यापेक्षा हुशार आहेत, आणि उजेड पडण्याच्या जरा आधी ताटली ठेवून उजेड पडल्यावर ती उचलून आणणे, एवढेच मला जमले आहे. उचलून आणणे हा भाग तसाही महत्त्वाचा. उष्ण हवेत ओले अन्न तास-दोन तासांत आंबते, आणि रात्रभर पडलेल्या अन्नावर उंदीर-घुशी येतात. मग शेजारी तक्रार करतात, आणि त्यांची ती तक्रार रास्त असते. अर्ध्या-पाऊण तासाने ताटली उचलली जाते हे मांजरांनाही लवकरच कळते आणि ती वेळेवर येऊ लागतात. एकाहून अधिक मांजरे येत असतील, तर ताटल्या एकमेकींपासून पाच-सहा हात लांब, आणि शक्य असल्यास एकीवरून दुसरी दिसणार नाही अशा ठेवाव्यात. एका मोठ्या ताटात सर्वांना जेवू घालण्याची कल्पना माणसांना गोड वाटते. मांजर मात्र एकट्याने शिकार करणारा आणि एकट्याने खाणारा प्राणी आहे. एक दांडगा बोका ताटाला चिकटून बसला, की कमजोर मांजरे झुडपामागे उपाशी राहतात, आणि आपण समजतो की त्यांना भूक नाही.

खायचे आहे पण खाता येत नाही, अशी मांजरे ओळखणे सगळ्यांत अवघड असते, आणि जागा, वेळ, वास यांतले काहीही त्यांच्या कामाचे नसते. असे मांजर ताटलीकडे धावत येते, अन्न हुंगते, एक तुकडा उचलते, आणि एकदम किंचाळल्यासारखा आवाज करून मागे उडी घेते. कधी ते अन्नावरच गुरगुरते, कधी मान वाकडी करून एकाच बाजूने चावते, कधी पंजाने तोंड पुसत राहते. हनुवटी लाळेने ओली आणि मळकट झालेली असते आणि अंगावरचे केस विसकटलेले असतात, कारण दुखऱ्या जिभेने अंग चाटता येत नाही. तोंडात आणि हिरड्यांत तीव्र दाह झाल्याची ही लक्षणे असतात. बाहेरच्या मांजरांत हा आजार नवीन नाही, आणि त्याला पशुवैद्याशिवाय इलाज नाही. पुष्कळदा दात काढावे लागतात. सर्दीने नाक चोंदलेल्या मांजराची गोष्ट थोडी निराळी असते. त्याला वासच येत नसल्यामुळे अन्न हे अन्न वाटत नाही, आणि तिथे कोमट, पातळ, उग्र वासाच्या अन्नाचा खरोखर उपयोग होतो. पण दोन दिवस तसे करूनही ते खात नसेल, तर अन्नाचे प्रयोग थांबवून त्याला पकडण्याचा विचार करावा. मांजराचे यकृत उपवास फार दिवस सहन करत नाही.

पकडण्यापर्यंत विषय आला, तर रोज खाऊ घालण्याचा सर्वांत मोठा उपयोगही सांगायला हवा. मादी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, गर्भ साधारण नऊ आठवडे वाढतो, आणि पोटभर अन्न मिळाले तर वर्षातून दोन-तीन वेळा पिल्ले होतात. नसबंदीचा विचार न करता केवळ ताटल्या भरत राहिल्यास, पुढच्या वर्षी दुप्पट ताटल्या लागतात आणि त्यातली निम्मी पिल्ले आपल्यासमोर मरतात. ताटलीच्या सवयीमुळेच मांजर पिंजऱ्यात येते. त्यासाठी सापळ्याचा पिंजरा जेवणाच्या जागी काही दिवस आधीच आणून ठेवावा, त्याचे दार दोरीने उघडे बांधून टाकावे, तळाच्या जाळीवर वर्तमानपत्र अंथरावे, कारण पायाखाली तार लागली की मांजर माघारी फिरते. ताटली पहिल्या दिवशी दाराबाहेर, मग उंबऱ्यावर, मग आत आणि शेवटी अगदी टोकाला. ते निर्धास्तपणे टोकापर्यंत जाऊ लागले, की पकडण्याच्या आदल्या दिवशी अन्न ठेवू नये. पाणी मात्र ठेवावे. दार पडल्यावर ते वेड्यासारखे जाळीवर आदळते. त्याच क्षणी संपूर्ण पिंजऱ्यावर जाड चादर टाकली, की अंधारात ते बरेच शांत होते. शस्त्रक्रियेच्या वेळी एका कानाचे टोक सरळ कापतात, म्हणजे पुढे लांबूनही ते मांजर ओळखता येते आणि त्याला पुन्हा पकडण्याची वेळ येत नाही. परत सोडताना ते जिथून आणले तिथेच सोडावे, आणि त्या संध्याकाळीही नेहमीच्या वेळी ताटली ठेवावी. मांजर दोन-चार दिवस रागावून फिरकत नाही. पण वास आणि वेळ दोन्ही त्याच्या ओळखीचे असतात, आणि बहुतेक मांजरे त्यामुळे परततात.

एकदा हे सुरू केले, की बाहेरगावी जाताना बदली माणूस शोधावा लागतो. मी माझ्या बदलीला मांजरांची नावे सांगत नाही. वेळ सांगते, ताटलीची जागा दाखवते, चमचा दोनदा वाजवायला सांगते, आणि ठेवून झाल्यावर मागे वळून न पाहता निघून जायला सांगते. मागच्या वेळी एका शेजारीणबाईंनी ते अगदी मनापासून पाळले. मी परत आल्यावर, माझ्या अनुपस्थितीत मांजरांनी अन्न सोडले असेल, निदान दोन दिवस तरी वाट पाहिली असेल, अशी थोडी आशा मला होती. त्यांनी सांगितले, की पहिल्याच संध्याकाळी सगळ्या ताटल्या रिकाम्या होत्या.